बार एक्झाम निघाली नाही त्यांच्यासाठी: सिव्हिल लाईन्सच्या मॅडमच्या रविवारच्या बॅचचा रिव्ह्यू

नागपुरात एलएलबी झालेल्या, सनद (वकिलीची नोंदणी) हातात असलेल्या पण एआयबीईत म्हणजे ऑल इंडिया बार एक्झाममध्ये अडकलेल्या पोरापोरींसाठी हे लिहून राहिली आहे. निकाल लागल्यावर मी नेटवर खूप शोधलं, सगळीकडे पास कसं व्हायचं एवढंच होतं, नापास झाल्यावर मधल्या महिन्यांत काय करायचं, सिनिअर वकिलाकडे जायचं की नाही, जेएमएफसीच्या म्हणजे खालच्या कोर्टातल्या जजच्या परीक्षेच्या तयारीचं काय होणार, घरच्यांना काय सांगायचं हे कोणी सांगतच नव्हतं. ते मला या बॅचमध्ये मिळालं म्हणून पाच पैकी साडेचार स्टार, अर्धा काहून कापला ते खाली येते.

मॅडम स्वतः वकील आहेत, पण त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं की बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाने जाहिरात करायची नाही, सरळ नाही आणि आडूनही नाही, म्हणून माझं नाव कुठं टाकू नका, फोटो टाकू नका. क्लास म्हणजे काही वकिलीची जाहिरात नाही असं आमच्यातल्या एकाने म्हटलंही, तर म्हणाल्या, असू दे बेटा, सवय आत्तापासूनच लावायची. मला हे फार आवडलं. प्रोफेशनल एथिक्सचे पेपरात ४ मार्क असतात आणि बहुतेक जण तो विषय आदल्या रात्री वाचतात, इथे तो वागण्यातूनच शिकायला मिळाला.

बॅच त्यांच्या ऑफिसातच असते, कस्तुरचंद पार्क मेट्रोला उतरून चालत जाता येतं, हायकोर्ट आणि जिल्हा कोर्ट दोन्ही त्याच भागात असल्यामुळे ज्युनिअर लोकांना रस्ता पाठच असतो. दीड हजार रुपये फी, परीक्षा होईपर्यंत दर रविवारी सकाळी.

पहिल्या रविवारी मॅडमनी सिलॅबस काढलाच नाही. प्रत्येकाला सनदेची तारीख विचारली आणि कागदावर लिहायला लावली, कारण सनद घेताना आपण हमीपत्र देतो की २ वर्षांत एआयबीई काढू, आणि ती २ वर्षं नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, नापास झालो त्या दिवसापासून नाही. ज्याला वर्षभर बाकी आहे आणि ज्याला चारच महिने बाकी आहेत त्या दोघांचा प्लॅन एकसारखा असूच शकत नाही ना. वर्ध्याहून येणाऱ्या एका मुलाने निकाल पाहून सिनिअरकडे जाणंच बंद केलं होतं, त्याला वाटलं आता कोर्टात उभं राहता येत नाही. मॅडमनी त्याचा कागद पाह्यला आणि म्हणाल्या, तुझी मुदत बाकी आहे, उद्या सोमवार आहे, बँड बांध आणि बोर्ड (त्या दिवसाच्या केसेस) सुरू व्हायच्या आधी कोर्टात हजर हो. आणि प्रयत्नांना मर्यादा नाही हेही स्पष्ट सांगितलं, फॉर्मची फी परत भरावी लागते तेवढंच. तो मुलगा पुढच्या रविवारी आला तेव्हा तीन नकलेचे (कोर्टाच्या कागदांच्या प्रतींचे) अर्ज आणि एक पुरसिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) केल्याचं सांगत होता. ते ऐकून आम्हाला सगळ्यांनाच बरं वाटलं, खरंच.

जज व्हायचं असलेल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की सिव्हिल जज ज्युनिअर डिव्हिजनच्या परीक्षेला बसायला किमान ३ वर्षांची वकिली पाहिजे. त्या बेंचचे प्रमुख गवई साहेब, आपल्याच अमरावतीचे, नागपूर खंडपीठात वर्षानुवर्षं वकिली केलेले. आता माझ्यासारख्यांना धडकी ही भरली की एआयबीई गेली म्हणजे ही ३ वर्षंही पुढे गेली. तर नाही, ती ३ वर्षं तात्पुरत्या सनदेच्या, म्हणजे एआयबीईच्या आधी मिळते त्या सनदेच्या, तारखेपासून मोजायची असं त्याच निकालात आहे, एआयबीई पास झाल्याच्या तारखेपासून नाही. मॅडमनी निकालाचा तो भाग उघडून मोठ्याने वाचून दाखवला. पण नुसतं कॅलेंडर पुढं सरकून चालत नाही, प्रॅक्टिसचा दाखला लागतो, तो कोर्टाच्या मुख्य न्यायिक अधिकाऱ्याचा किंवा किमान १० वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा आणि त्यावर त्या अधिकाऱ्याची सही. म्हणून त्यांनी आम्हाला डायरी ठेवायला लावली, कोणतं कोर्ट, कोणता केस नंबर, काय काम केलं, रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) हजेरी आली का. नापास झाल्यावर घरी बसून अभ्यास करीन म्हणणाऱ्याचं खरं नुकसान इथं होतं आणि कोणाला ते कळतही नाही.

अभ्यासाचं आता. १०० प्रश्न, ३ तास, चुकीला मार्क कापत नाहीत, ओपनला आणि ओबीसीला ४५ टक्के, एससी एसटीला ४० टक्के. कागदावर एकदम सोपं वाटते, त्यात बेअर अ‍ॅक्ट म्हणजे कायद्याचं नुसतं मूळ पुस्तक आत न्यायला परवानगी, फक्त त्यात टीपा किंवा कॉमेंट्री नको. आणि नेमकं इथंच लोक पडतात, कारण एका प्रश्नाला दोन मिनिटंही मिळत नाहीत आणि पुस्तकात कलम शोधण्यातच पाच मिनिटं जातात. मॅडम दर रविवारी अर्धा तास फक्त शोधायचा सराव घेतात, त्या विषय बोलतात, आपण अनुक्रमणिकेवरून कलम काढायचं, मनाई हुकूम म्हटलं की सीपीसीचा (दिवाणी प्रक्रिया संहितेचा) ऑर्डर ३९, दावा सुरुवातीलाच फेटाळणं म्हटलं की ऑर्डर ७ रूल ११. स्वयंपाकघरात अंधारातही मिठाचा डबा हाताला लागतो तसं ते पुस्तक हाताला लागायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं, आणि काही आठवड्यांत तसं होतंही.

दुसरं म्हणजे आन्सर कीशी आपली उत्तरं ताडून कोणत्या विषयात किती गेले ते काढायला लावतात. घटना, बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेला नवीन कायदा) आणि सीपीसी प्रत्येकी १०, बीएनएस (आयपीसीच्या जागी आलेला), साक्ष कायदा, फॅमिली लॉ आणि करार-मालमत्ता-चेकबाऊन्सचा गट प्रत्येकी ८, म्हणजे या सात विषयांतच ६२ मार्क बसतात. मी स्वतः ताडलं तेव्हा सीपीसीत निम्म्याहून जास्त गेलेले दिसले. मग माझा प्लॅन त्याच्यावरच झाला, कंपनी लॉच्या २ मार्कांवर नाही. बॅचमधल्या एका मुलीने आधी कुठल्याशा ऑनलाईन कोर्सचे पैसे भरले होते, त्याच्या नोट्स १ जुलै २०२४ नंतरही आयपीसी आणि सीआरपीसीच्याच, ३०२ आणि ४२० पाठ करून ती बसली होती, आणि आता खून १०३ आणि फसवणूक ३१८. इथे मॅडम नवीन कलमच आधी सांगतात, जुनं नंतर, कारण कोर्टात सिनिअर लोक अजून जुनेच नंबर बोलतात आणि ज्युनिअरला दोन्ही आलं पाहिजे.

ज्यांना कोर्टातच जायचं नाही त्यांच्याशीही त्या तेवढ्याच आपुलकीनं बोलतात, हे मला मोठं वाटलं. एकीला बँकेत लॉ ऑफिसर व्हायचं होतं, तर तिथेही डिग्रीसोबत बार कौन्सिलची नोंदणी मागतात म्हणून सनद सांभाळून ठेव म्हणाल्या. पण पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की नियम ४९ प्रमाणे वकिली करता येत नाही, बार कौन्सिलला कळवून थांबवावी लागते, आणि तो काळ जजच्या ३ वर्षांत धरू नको हेही तिथंच सांगितलं. एलएलएम करून कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट परीक्षेचं बघ, नुसतं नापास झालो म्हणून एलएलएमला पळू नको, असं दुसऱ्या एकाला. कोणाच्या तोंडावर गोड बोलत नाहीत. एका मुलाचे बाबा सोबत आले होते, त्यांनी विचारलं की याला आता दुसरी लाईन लावू का, तर मॅडम त्यांना म्हणाल्या की काका, याचं ड्राफ्टिंग मी वाचलं आहे, याला सीपीसी कमी पडते, वकिली नाही. त्या मुलाचा चेहरा मला अजून दिसते.

आता अर्धा स्टार. जागा लहान आहे, पंधरावर लोक झाले की दाराशी बसावं लागते, आणि एप्रिल मे मध्ये नागपूरच्या उन्हात एका कूलरवर तो हॉल निभत नाही. टॅक्स आणि लेबर लॉ घाईत उरकतात. छापील नोट्स सगळ्या इंग्रजीत आहेत, आपला पेपर मराठीतूनही देता येतो, मग मराठीतून देणाऱ्यांसाठी निदान व्याख्या तरी मराठीत पाहिजेन, मी हे त्यांना सांगितलं आहे आणि त्यांनी मनावर घेतलं आहे. रेकॉर्डिंग मिळत नाही, तारखेसाठी बाहेरगावी असलात तर तो रविवार गेला.

नवीन नोटिफिकेशन आलं की बॅच सुरू होते, पण करिअरच्या बोलण्यासाठी निकालानंतर लगेच गेलात तरी त्या वेळ देतात, त्याचे पैसे घेत नाहीत. जिल्हा कोर्टाच्या बाररूममध्ये कोणत्याही ज्युनिअरला विचारा, पत्ता सांगतील. जाताना सनदेची झेरॉक्स, आन्सर कीशी ताडलेला कागद आणि टीपा नसलेले बेअर अ‍ॅक्ट घेऊन जा, दुसऱ्याच्या पुस्तकात बघू देत नाहीत.