हेनॅक की नॅशनल मेडल? नाव कुठे सुचवायचं

अमेरिकेतल्या हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषिक मुळं असलेल्या, सहकाऱ्याचं नाव पुरस्कारासाठी सुचवायचं तर दोन वाटा आहेत. एक हेनॅक (HENAAC) पुरस्कार, १९८९ पासूनचा, खास हिस्पॅनिक अभियंते आणि शास्त्रज्ञांसाठी. दुसरी नॅशनल मेडल ऑफ सायन्स, हा अमेरिकन सरकारचा विज्ञान पुरस्कार, जो हिस्पॅनिक नसलेल्यांनाही खुला. भौतिकशास्त्रज्ञ लुईस अल्वारेझ यांना हे मेडल १९६३ चं मिळालं, नोबेल नंतर १९६८ मध्ये.

मेडल आयुष्यभराच्या संशोधनाला मिळतं. तिथे स्वतःचं नाव स्वतः देता येत नाही, नावाजलेल्या शास्त्रज्ञांची शिफारसपत्रं लागतात. कारखान्यात पंधरा वर्षं टर्बाइन सुधारणाऱ्या बाईंचा तिथे निभाव लागणं कठीण. हेनॅकमध्ये मात्र कंपनीतल्या कामाचीही दखल घेतात, म्हणून मी आधी तिथेच अर्ज करीन.

शिफारसपत्रात ‘मेहनती, मनमिळाऊ’ लिहून भागत नाही. तसं तर आपण लग्नाच्या बायोडाटातही लिहितो! कोणता बिघाड थांबला, किती इंधन वाचलं, ते लिहा. आणि नाव नीट तपासा. स्पॅनिश रिवाजात आडनावं दोन, आधी वडिलांचं, मग आईचं. शेवटच्यालाच मुख्य आडनाव समजून शोधलंत, तर अर्धे शोधनिबंध हाती लागणार नाहीत.