न्यू जर्सी की टेक्सास: घर घेणार असाल तर आधी घरपट्टी पाहा

न्यू जर्सीतल्या एडिसनहून टेक्सासमधल्या डॅलसकडे जायचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं: "तिथे स्टेट टॅक्स नाही." म्हणजे राज्याचा इन्कम टॅक्स, आणि ते खरंच आहे. टेक्सासने २०१९ मध्ये पगारावरच्या कराला राज्यघटनेतच बंदी घातली. न्यू जर्सीत नवरा-बायकोचं एकत्र करपात्र उत्पन्न दीड लाख डॉलर असेल, तर वर्षाला साधारण साडेपाच हजार डॉलर राज्याला जातात. भाड्याने राहणार असाल तर यातले बहुतेक पैसे हातात राहतील. खुशाल जा.

घर घ्यायचं असेल तर मात्र हिशेब नीट मांडा. टेक्सासमध्ये शाळांचा मोठा खर्च घरपट्टीतून निघतो. डॅलसच्या उपनगरांत शाळा, काउंटी (म्हणजे जिल्हा), शहर असे सगळे दर मिळून २ टक्क्यांच्या आसपास जातात. म्हणजे ५ लाखांच्या घराला १०,००० डॉलर. राहत्या घरावरच्या होमस्टेड सवलतीने त्यातले थोडे कमी होतात, पण अर्ज तुम्हालाच करावा लागतो. न्यू जर्सीची सरासरी घरपट्टीही २०२४ मध्ये १०,००० च्या वर गेली, तेव्हा या बाबतीत दोघी बहिणी-बहिणीच.

फसगत होते ती नव्या घरात. घरपट्टी १ जानेवारीच्या स्थितीवर लागते. त्या दिवशी तिथे नुसता प्लॉट असेल, तर पहिल्या वर्षी फक्त प्लॉटचा कर येतो. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने तोच आकडा धरून महिन्याचा हप्ता बसवला. दुसऱ्या वर्षी पूर्ण घराचा कर लागला, बँकेने एस्क्रोतली (हप्त्याबरोबर घरपट्टीचे पैसे जमा होतात त्या खात्यातली) तूट दाखवली आणि हप्ता कित्येकशे डॉलरने चढला. दोघंही हादरले होते.

सेल्स टॅक्स न्यू जर्सीत ६.६२५ टक्के आणि कपड्यांवर माफ. टेक्सासमध्ये बहुतेक शहरांत ८.२५, कपड्यांवरही. याने निर्णय बदलत नाही.

मला खरी काळजी वाटते ती एकाच पगारावर, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांची. पगार थांबला की इन्कम टॅक्स थांबतो, घरपट्टी थांबत नाही. आणि नोकरी गेल्यावर नवी शोधायला किंवा देश सोडायला हातात असतात जास्तीत जास्त ६० दिवस. अशांनी टेक्सासला जरूर जावं, पण पहिली दोन वर्षं भाड्याने राहावं. दोन पगार आणि ग्रीन कार्ड असेल तर टेक्सासच सरस.

बिल्डरकडे जाण्याआधी काउंटीच्या वेबसाइटवर त्याच गल्लीतल्या, दोन वर्षं जुन्या घराची घरपट्टी बघा. हप्ता त्या आकड्यावर बसवा.