मुलवाड व्हीपीएन: भरवसा ठेवावा तो कशाच्या आधारावर?

व्हीपीएन (आपली इंटरनेटवरची ये-जा सांकेतिक रूपात स्वतःच्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा) घेतला की आपण इंटरनेटवर काय करतो ते कोणालाच कळत नाही, असा समज जाहिराती करून देतात. प्रत्यक्षात कोणत्या संकेतस्थळांना आपण भेट देतो, हे इंटरनेट पुरवठादाराऐवजी व्हीपीएन कंपनीला दिसू लागते, एवढाच फरक पडतो. म्हणून वेग आणि देशांची यादी पाहण्याआधी, उद्या पोलिसांनी विचारणा केली तर ही कंपनी आपल्याविषयी काय सांगू शकेल, हे पाहिले पाहिजे. ग्राहकांच्या वापराच्या नोंदी ठेवत नसल्याचे कंपनीने केवळ म्हणणे पुरेसे नाही. तसा दावा करणाऱ्या प्युअरव्हीपीएन या सेवेच्या नोंदी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेच्या तपासात कामी आल्या होत्या.

या कसोटीवर स्वीडनमधील मुलवाड ही सेवा मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. खाते उघडताना ती नाव, ईमेल, फोन यांपैकी काहीच विचारत नाही. १६ अंकी खाते क्रमांक हीच ग्राहकाची ओळख. शुल्क महिन्याला ५ युरो असून दीर्घ मुदतीच्या सवलतीचे आमिष नाही. आपोआप नूतनीकरण होणाऱ्या वर्गणीसाठी ग्राहकांची जास्त माहिती साठवावी लागते, म्हणून २०२२ मध्ये कंपनीने ती सोयच बंद केली. एप्रिल २०२३ मध्ये झडतीचे वॉरंट घेऊन आलेले स्वीडिश पोलीस ग्राहकांची कोणतीही माहिती न घेता परतले. ही हकिगत कंपनीनेच सांगितलेली आहे, हे ध्यानात ठेवूनही मला तिचे मोल मोठे वाटते, कारण जी माहिती गोळाच केलेली नाही ती कोणाच्या दबावाखाली देताही येत नाही.

भारतीय ग्राहकाने आणखी एक गोष्ट तपासावी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावे, पत्ते आणि आयपी पत्ते (इंटरनेटवर जोडणी ओळखणारे क्रमांक) किमान ५ वर्षे जतन करण्यास सांगितले. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन आणि प्रोटॉन यांनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. तेव्हा भारतात सर्व्हर ठेवणारी सेवा या नोंदींचे काय करते, हे स्पष्ट झाल्याखेरीज तिचे पैसे भरू नयेत.

मुलवाडच्याही मर्यादा आहेत. कार्डाने पैसे भरल्यास बँकेकडे त्याची नोंद राहतेच, आणि गुगलच्या खात्यात लॉगिन केल्यावर आयपी पत्ता बदलल्याने गुगलपासून ओळख लपत नाही. बँकेच्या संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीमुळे आधीच कूटबद्ध (इतरांना न वाचता येणारी) असते, तर ओटीपी विचारून होणारी फसवणूक कोणताही व्हीपीएन रोखू शकत नाही. केवळ या दोन काळज्यांपोटी कोणी व्हीपीएन घेणार असेल, तर मी त्याला मुलवाडही सुचवणार नाही; पुरवठादारापासून आपले वाचन खासगी ठेवू इच्छिणाऱ्या पत्रकाराला किंवा कार्यकर्त्याला मात्र आवर्जून सुचवेन.