मिरगाचा किडा का देवळातली आरती? रोजच्या फोटोंसाठी टफ कॅमेरा घ्यायचा का नाही

माझा आतेभाऊ जांबोटीकडं मास्तर आहे, शाळा सुटली की शेतात. गेले दोन महिने त्याचा फोन आला की एकच विषय, "दादा, तो पाण्यात चालतो तसला कॅमेरा घेऊ का नको, एकदाचं सांग की." फोनवर सांगून सांगून थकलो, आणि बेळगावात दर पावसाळ्यात हेच विचारणारे आणखी दोन-तीन जण भेटतातच, म्हणून इथं लिहून टाकतो. माझ्याकडं तीन वर्षं ऑलिंपसचा टीजी-६ आहे, तो असलाच टफ कॅमेरा, म्हणजे पाणी, धूळ, आपटणं सोसणारा, मित्राचा टीजी-७ आठवडाभर आणून वापरलाय, आणि खिशात फोन आहेच. मेव्हण्याकडं सोनीचा आरएक्स१०० मार्क ३ आहे, तो लग्नाकार्यात माझ्याच गळ्यात पडतो, त्यामुळं त्याचंही बोलता येतंय.

पहिल्यांदा टीजी-६ का टीजी-७ ते उरकून टाकू. टीजी-६ आला २०१९ ला. पुढं ऑलिंपसनं कॅमेऱ्याचा धंदा वेगळ्या कंपनीला दिला, म्हणून २०२३ चा टीजी-७ ओएम सिस्टिम या नावानं येतो. नाव बदललं, आतला माल बराचसा तोच, १२ मेगापिक्सेल, २५ ते १०० मिलिमीटरची लेन्स (२५ ला जास्त दृश्य मावतं, १०० ला चारपट जवळ दिसतं), १५ मीटर पाण्यात चालतो. चार्जिंगला मायक्रो यूएसबीच्या जागी यूएसबी-सी आलं, उभा व्हिडिओ नीट निघतो, पकड थोडी सुधारली. फोटो शेजारी शेजारी ठेवले तर मला तरी फरक सांगता आला नाही. म्हणजे टीजी-६ असेल तर टीजी-७ साठी पैसे घालू नका, आणि नवीनच घ्यायचा असेल तर सरळ टीजी-७, चार्जरची एक वायर कमी.

आता खरा सामना, कॅमेरा का फोन. इथं लोक फसतात, कारण "कॅमेरा" म्हटलं की फोनपेक्षा फोटो चांगलाच येणार असं वाटतं. तसं नाही बाबांनो. या टफ कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी चिप, १/२.३ इंची, म्हणजे साधारण २८ चौरस मिलिमीटर. चांगल्या महागड्या फोनचा मुख्य सेन्सर आजकाल १/१.३ इंची असतो, तो याच्या अडीच पट भरतो, आणि मेव्हण्याच्या सोनीचा एक इंची म्हणजे चौपट. वर फोन एका दाबात आठ-दहा फ्रेम काढून आतल्या आत जोडतो ते वेगळंच. संध्याकाळी कपिलेश्वरच्या देवळात समयांच्या उजेडात मी दोन्ही घेऊन उभा होतो, फोनमध्ये पिंडीवरचं बेलपान न् पान दिसतंय, आणि टीजीमध्ये काळोखात रवा सांडल्यासारखे दाणे. झूम केलं तर आणखी बेकार, कारण २५ मिलिमीटरला लेन्स एफ/२ असते ती १०० ला एफ/४.९ होते (एफचा आकडा मोठा तेवढं लेन्सचं भोक बारकं), म्हणजे उजेड सहाव्या हिश्श्यावर येतो. घरातला वाढदिवस, हॉलमधलं लग्न, रात्रीचे शिवजयंतीचे चित्ररथ, हे तुमचे मुख्य फोटो असतील तर टफ कॅमेऱ्याचं नाव काढू नका, चांगला फोन घ्या नाहीतर सोनीसारखा एक इंची बघा.

मग हा कॅमेरा घ्यायचा कशाला?

जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेला की लाल मातीत मखमलीचा मिरगाचा किडा निघतो बघा, लहानपणी काडेपेटीत धरून ठेवायचो तो. त्याचा फोटो फोनवर काढायला जावा, फोन जवळ नेला की फोकस जातो, लांब धरला की नुसता लाल ठिपका. टीजीला मायक्रोस्कोप मोड आहे, लेन्सपासून एक सेंटीमीटरवरची वस्तू धरतो आणि झूम करूनही धरतो. किड्याच्या पायावरचे केस दिसले तेव्हा मी चिखलात मांडी घालून बसलो होतो आणि बायको बांधावरून ओरडत होती, "काय करालासा तिथं?" आणि गंमत म्हणजे जो बारका सेन्सर देवळात मार खातो तोच इथं कामाला येतो, कारण सेन्सर बारका असला की इतक्या जवळूनही थोडं जास्त खोलीपर्यंत स्पष्ट राहतं. तेवढ्यानं भागलं नाही तर फोकस पुढंमागं करत एकापाठोपाठ फोटो घेऊन कॅमेराच ते जोडून देतो. भाताच्या लोंबीवरचा किडा, पानावरचा रोग, बेडकाचं डोळं, यात माझा फोन याच्या जवळपासही येत नाही. याच कामाला रिकोचा डब्ल्यूजी-६ पण आहे, २० मेगापिक्सेल, २० मीटर पाणी, त्याच्या लेन्सभोवती सहा एलईडी बसवूनच येतात, टीजीला उजेडाची रिंग वेगळी विकत घ्यावी लागते. पण त्याची लेन्स एफ/३.५ पासून सुरू होते, म्हणजे अंधारात टीजीपेक्षाही मागं, म्हणून मी टीजीकडं झुकलो.

दुसरी गोष्ट पाऊस आणि चिखल. हल्लीच्या फोनवर आयपी६८, म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही असं, लिहिलेलं असतं, पण ते ठरावीक खोलीचं, बहुतेक दीड मीटर अर्धा तास, तेही साध्या पाण्यात, आणि पाणी शिरलं तर वॉरंटीत बसत नाही असं बारीक अक्षरात असतंय. शिवाय खानापूरच्या पावसात ओल्या स्क्रीनवर बोट चालतच नाही, थेंबच आपोआप बटणं दाबतात. टीजीला टच स्क्रीन नाही, सगळी बटणं, लावणी करताना हाताला चिखल असला तरी दाबता येतात, आणि मग कॅमेरा पाटाच्या पाण्यात खळबळून धुवायचा. लेन्स बाहेर येत नाही, झूम आतल्या आत होतो, त्यामुळं मार्चमधली लाल धूळ आत जायला फट नाही. सोनीची लेन्स दर वेळी बाहेर येते-जाते, तो कॅमेरा मी चोर्ला घाटात पिशवीतून काढायलासुद्धा भितो.

बाकी जाहिरातीतले आकडे फार मनावर घेऊ नका. १०० किलोचा दाब, उणे १० डिग्री, आपल्याकडं उणे १० कुठली आली! निकॉनचा डब्ल्यू३०० तर ३० मीटर खोल जातो, पण आपण पोहणार ती विहीर केवढी? २.१ मीटरवरून पडलेला चालतो म्हणतात, ते टेस्टमधलं, जांभ्या दगडावर आपण होऊन टाकून बघू नका. आणि एक कुणी सांगत नाही, हा कॅमेरा पाण्यात तरंगत नाही, दगडासारखा बुडतो. पावसाळ्यातल्या मलप्रभेच्या गढूळ पाण्यात सुटला तर गेलाच, म्हणून तरंगणारा पट्टा पहिल्या दिवशीच लावा.

सेकंडहँड टीजी-६ स्वस्तात मिळतोय म्हणून विचारणारेही आहेत. पावसात, शेतात वापरायला खुशाल घ्या, पण पोहायला नेऊ नका, कारण बॅटरीच्या दाराच्या आतली रबरी सील दर वर्षी बदलायची असते आणि आधीच्या मालकानं बदललीय का ते दिसून कळत नाही. याच्या आधीचा माझा एक जुना वॉटरप्रूफ कॅमेरा, नाव नको, बॅटरीच्या दारात एक केस अडकला आणि गोव्याच्या समुद्रात पहिल्याच बुडीत संपला. चूक माझीच, दार लावताना बघितलं नव्हतं. समुद्रातनं आलं की गोड्या पाण्यात भिजवून ठेवायचं हेही तेव्हा माहीत नव्हतं म्हणा. अजून एक, टीजी-६ वर जीपीएस लॉगचं, म्हणजे कुठं कुठं फिरलो त्याची नोंद ठेवायचं, बटण आहे, ते चालू राहिलं तर कॅमेरा बंद असतानाही बॅटरी खातंय. एका चार्जमध्ये तीनशेच्या वर फोटो म्हणतात, मी जादा बॅटरी नेतोच.

पक्ष्यांचं काय, हे आतेभाऊनं विचारलंच. चारपट झूममध्ये भीमगडच्या झाडावरचा धनेश म्हणजे फांदीवरचा डाग, तो नाद सोड.

शेवटी मी त्याला एक काम दिलं. गेल्या वर्षात काढावासा वाटला पण काढला नाहीस असे वीस फोटो आठवून कागदावर लिही, आणि पुढं लिही का काढला नाहीस, अंधार होता, लांब होतं, का पाणी-चिखल होता म्हणून फोन बाहेरच काढला नाहीस. परवा कागदाचा फोटो पाठवला. तेरा ठिकाणी पाऊस, चिखल, नाहीतर "पोरं ओढ्यात होती, फोन घरी". चार ठिकाणी अंधार, दोन पक्षी. विसाव्या ओळीत नुसतं "बायको नको म्हणाली". टीजी-७ घे म्हणून सांगितलंय, विसाव्या ओळीचं तुझं तू बघ.