जुनी फेरीबोट बंद पडली तर काय: स्वतःची राखीव बोट की शेजारच्या खाडीतून मागवायची?

कोकणातल्या खाड्यांवरच्या फेऱ्या, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला, सगळीकडे तीच गत. खारं पाणी पत्रा खातं, प्रोपेलरात जाळं अडकतं, गाड्या चढवायच्या रॅम्पची वायर कुरकुरते आणि नेमकी सुट्टीतच बोट बंद पडते, मग धोपाव्याच्या माणसाला समोर दिसणाऱ्या दाभोळला जायला चिपळूणचा वळसा.

शेजारच्या खाडीतली बोट मागवणं स्वस्त पडतं हे मान्य, एकच जादा बोट दोन-तीन जेट्ट्यांना पुरते आणि उभ्या बोटीवर खर्च नाही. पण ती येणार कुठून? खाडीतून खाडीत यायचं म्हणजे मधे उघडा समुद्र, आणि जून ते ऑगस्ट खवळलेल्या दर्यात सपाट बुडाची बोट कोण काढणार? शिवाय सुट्टीत त्यांच्याकडेही गाड्यांची रांग असतेच की, ते कशाला देतील!

राखीव बोट महाग, खलाशी पोसा, सर्व्हे म्हणजे बोटीची सुरक्षा तपासणी करा, आणि नुसती उभी ठेवली तर तीही गंजते, म्हणून आलटून पालटून चालवायलाच हवी. तरी माझं मत हिलाच. मागवायची सोय फक्त ऑक्टोबर ते मे, तीही आधी बोलून ठेवलं असेल तर. ज्या जेटीवर दुसरी बोट परवडतच नाही तिथे निदान माणसं न्यायला एक होडी तरी ठेवा, गाड्या थांबतील, पेशंट कसा थांबेल?