गॅसचा ग्रिल घ्यावा का कोळशाचा? गच्चीवरच्या अनुभवावरनं

थंडी पडली की ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, घरी बार्बेक्यू घ्यायचाय, गॅसचा घेऊ का कोळशाचा. माझ्याकडं कोळशाचा हाय, झाकणवाला गोल, आणि चुलतभावाकडं, सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात, गॅसचा, दोन बर्नरवाला. दोन्हीवर भरपूर भाजून झालंय म्हणून लिहितो.

भांडण चवीवरनं होतं, तर ते आधी. लोकांना वाटतं कोळशाचा वास मटणाला लागतो. लोणारी, म्हणजे लाकडाचा, कोळसा नीट पेटून वर राखाडी थर आला ना, की त्याला स्वतःचा वास फार राहत नाही, खरी चव येते ती चरबी आणि मसाल्याचं तेल निखाऱ्यावर टपकून जो धूर उठतो त्याची. गॅसमध्ये पण बर्नरच्या वर पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्याच्यावर टपकून तसाच धूर होतो की, फक्त कमी. दुसरं म्हणजे गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते, कोळशाची धग कोरडी आणि थेट, त्यामुळं शीग कबाब वरनं कसा मस्त करपट-खरपूस होतो तो गॅसवर होत नाही म्हणजे नाही. पनीर, मका, सिमला मिरची मात्र डोळे बांधून खायला दिलं तर मी तरी ओळखणार नाही.

आता कोळशाचा ताप. पेटवायला चिमनी स्टार्टर घ्या, पत्र्याचा उभा डबा असतो, खाली कागद वर कोळसा, 15-20 मिनिटांत निखारे तयार, पुठ्ठ्यानं वारा घालत बसायची गरज नाही आणि रॉकेल तर अजिबात ओतू नका, अख्ख्या चिकनला वास मारतो. कोळसा कुठं मिळतो म्हणाल तर तुमच्या इस्त्रीवाल्याला विचारा, तो कुठनं आणतो ते. बाभळीचा जड असतो, बराच वेळ टिकतो, हलका भुसभुशीत घेतला तर पीस पलटेपर्यंत राख. निखारे सगळीकडं पसरू नका, अर्ध्या बाजूलाच ठेवा, मोकळ्या बाजूला लेगपीस ठेवून झाकण लावलं की आतपर्यंत शिजतो.

उन्हाळ्यात मात्र अवघडच. 42-43 डिग्रीचा दिवस गेल्यावर संध्याकाळी गच्चीची फरशीच तव्यासारखी असते, त्यात संध्याकाळचा वारा सुटला की ठिणग्या उडतात आणि शेजारच्या काकूंच्या कुरडया वाळत घातलेल्या असतात, पुढचं सांगायला नको.

गॅसचं सुख म्हणजे नॉब फिरवला की दहा मिनिटांत जाळी तापते, आच कमी-जास्त होते, पोरं आसपास असली तरी निखाऱ्याचं टेन्शन नाही. पण 14.2 किलोचा भरलेला सिलिंडर जिन्यानं वर कोण चढवणार हे आधी ठरवा! बाहेरच्या देशातल्या काही ग्रिलचं रेग्युलेटर आपल्या सिलिंडरवर बसत नाही, ते दुकानातच विचारायचं. जोडणी झाली की साबणाचं पाणी लावून फुगे येतात का बघा, आणि पेटवताना झाकण उघडं पाहिजे, बंद झाकणात गॅस साठला तर भडका उडतो. एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला तर खालीच साठतो. बंद बाल्कनीत दोन्ही नको, कोळशातनं कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो.

हुरड्याचं कुणी विचारू नका, त्याला गोवऱ्यांची आगटीच लागते.

माझं म्हणाल तर, घरात मटण-चिकन खाणारे असतील आणि महिन्यातनं एखादा रविवार लावणार असाल तर कोळसाच घ्या. दर आठवड्याला, ऑफिसवरनं आल्यावर, जास्त करून व्हेज लावणार असाल तर गॅसला पैसे घाला. सुटकेससारखे घडीचे पातळ पत्र्याचे मिळतात ते मात्र घेऊ नका, झाकण नसतं आणि पत्रा तापून वाकतो. आणि कोळशाचा घेताना खालच्या हवेच्या झडपा हातानं फिरवून बघा, आच कमी-जास्त करायचं सगळं काम त्यांचंच असतं, त्याच अडकत असतील तर दुसरा पीस मागा.