राउटरचं ‘लॉक’ उघडायचे पैसे मागितले तर देऊ नका

माझी मावशी पुण्यात जुन्या दुमजली घरात एकटी राहते. फायबरचं राउटर खाली, वर रेंज नाही. तक्रार केल्यावर आलेल्या माणसाने सांगितलं, “मावशी, कंपनीचं राउटर लॉक असतं, ते उघडल्याशिवाय मेश चालत नाही.” (मेश म्हणजे घरात ठिकठिकाणी ठेवलेले, मिळून एकच वायफाय देणारे डबे.) लॉक उघडायचे आणि तीन डब्यांचे मिळून अकरा हजार घेतले. बिल नाही, आणि पैसे त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर.

ते डबे मेशचे नव्हतेच, साधे रिपीटर होते, म्हणजे राउटरचा सिग्नल नुसता पुढे ढकलणारे. प्रत्येकाचं वायफाय वेगळ्या नावाचं, त्यामुळे वर गेलं तरी फोन खालच्यालाच चिकटलेला. रिपीटरही एकाच रेडिओचे. राउटरकडून घेणं आणि फोनला देणं एकाच लहरीवर, म्हणून वेग जवळपास निम्मा. खऱ्या मेशला घरभर एकच नाव असतं.

लॉकची गोष्ट तर सपशेल खोटी. मेशचा मुख्य डबा लॅन वायरने कंपनीच्या राउटरला जोडायचा, मेशच्या ॲपमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ निवडायचा (म्हणजे राउटरचं काम कंपनीचा डबा करतो, मेश फक्त वायफाय देते), मग कंपनीच्या राउटरचं वायफाय बंद करायचं. यात उघडण्यासारखं काही नसतंच. मेश राउटर मोडवरच राहिली तरी नेट चालतं, मात्र एकामागे एक दोन राउटर झाल्याने ऑनलाइन गेम किंवा घरचा कॅमेरा बाहेरून बघताना अडचण येऊ शकते. ब्रिज मोड, म्हणजे कंपनीच्या डब्याचं राउटरचं काम बंद करून ते मेशकडे देणं, हवाच असेल तर कस्टमर केअरशी बोला, दारात आलेल्या माणसाशी नाही.

मेशच्या खोक्यावरच्या ‘१२००’ या वेगाच्या आकड्याला भुलू नका. ती २.४ गिगाहर्ट्झ लहरीच्या ३०० आणि ५ गिगाहर्ट्झ लहरीच्या ८६७ एमबीपीएसची कागदावरची, वर गोल केलेली बेरीज असते. वायर लावायचं पोर्ट ‘१०/१००’ असेल तर ३०० एमबीपीएसच्या प्लॅनमध्येही शंभराच्या आतच मिळणार. ‘१०/१००/१०००’ लिहिलेलं बघूनच घ्या.

एकट्या राहणाऱ्या वयस्कर बाईला गाठून हे केलं, याचा मला फार संताप येतो. असा खर्च आम्ही घेत नाही, असं कंपनीने ईमेलवर कळवलंय. तो माणूस फोन उचलत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार केली आहे. यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि डब्यांवरचे सिरियल नंबर जपून ठेवलेत. पैसे अजून परत आलेले नाहीत. तुमच्या आईवडिलांकडे कोणी असं सांगत आला, तर तो घरात असतानाच त्यांना कस्टमर केअरला फोन लावायला सांगा.